प्रेसनोट यंत्र लिहील, फोन कोण उचलणार?

जनसंपर्काचा धंदा म्हणजे प्रेसनोटा लिहिण्याचा धंदा, असा बाहेरच्यांचा समज असतोच. पण धंद्यातल्याही बऱ्याच जणांचा तो असतो. म्हणूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि अर्ध्या मिनिटात नीटनेटकी प्रेसनोट लिहून देऊ लागलं, तेव्हा पोटात गोळा आलेल्यांत पीआरवाले, म्हणजे जनसंपर्काचं काम करणारे, आघाडीवर होते. भीती अगदीच अस्थानी नव्हती. पण 'सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार' आणि 'काही होत नाही हो' या दोन्ही उत्तरांनी हाती काही लागत नाही. हे काम मुळात कशाचं आहे आणि हे यंत्र नेमकं काय करतं, हे दोन्ही आधी उलगडून बघायला हवं.

सुरुवात जुन्या काळापासून करतो. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. तोवरची रेल्वे कंपन्यांची रीत म्हणजे अपघात झाला की तोंडाला कुलूप. या कंपनीचा सल्लागार होता आयव्ही ली, मूळचा वार्ताहर. अफवा पसरायच्या आत कंपनीनेच काय घडलं ते लिहून वार्ताहरांच्या हातात द्यावं, हे त्याने गळी उतरवलं. न्यूयॉर्क टाइम्सने तो मजकूर जसाच्या तसा छापला. पहिली प्रेसनोट म्हणून साधारणपणे तिचाच दाखला दिला जातो. त्याच सुमारास लीने संपादकांना आपल्या कामाची तत्त्वं कळवली होती. त्यांचा आशय असा की आमचं काम उघड आहे, आम्ही देतो ती माहिती अचूक असेल, ही बातमी नसून जाहिरात आहे असं वाटलं तर छापू नका, आणि काही पडताळायचं असेल तर आम्ही मदत करू.

ली स्वतः पुढे फार सोवळा राहिला अशातला भाग नाही. नाझी राजवटीतल्या आयजी फार्बेन या जर्मन कंपनीचं काम घेतल्याबद्दल १९३४ मध्ये त्याला अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली. पण त्याने घालून दिलेला व्यवहार टिकला. संपादक जागा देतो, त्या बदल्यात पीआरवाला खरी माहिती देतो आणि तिच्यामागे उभा राहतो. प्रत्येक प्रेसनोटेच्या तळाशी 'अधिक माहितीसाठी संपर्क' असं लिहून एक नाव आणि फोन नंबर असतो, तो याचसाठी. वरचा सगळा मजकूर यंत्राला लिहिता येतो. ती ओळ येत नाही.

यंत्र काय करतं

चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांच्या पोटात जे असतं त्याला भाषा-मॉडेल म्हणतात. त्याला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यातून ते एकच गोष्ट शिकतं: आधीचे शब्द असे असतील तर पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता किती. मग एक शब्द निवडायचा, तो जोडायचा, पुन्हा पुढचा. नंतर माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्याला वळण लावलं जातं, म्हणून ते सभ्यपणे आणि मुद्द्याला धरून उत्तरं देतं. हल्लीची साधनं इंटरनेटवर शोधू शकतात, तुम्ही दिलेली कागदपत्रं वाचू शकतात. पण वाक्य तयार होण्याची रीत तीच राहते. खरं काय आहे, याची खातरजमा त्या रीतीत आपोआप होत नाही.

प्रेसनोट हा तर साच्यातलाच लेखनप्रकार. मथळा, गाव-तारीख, पहिल्या परिच्छेदात कोण-काय-कधी-कुठे, दुसऱ्यात साहेबांचं 'हे जाहीर करताना आम्हाला अतिशय आनंद होत आहे', शेवटी कंपनीची ठरीव ओळख. अशा नोटा इंटरनेटवर ढिगाने पडल्या आहेत. जिथे साचा जितका पक्का, तिथे यंत्राचा हात तितका चांगला चालतो. (यंत्र न बोललेली वाक्यं माणसांच्या तोंडी घालतं, अशी तक्रार पीआरवाल्यांनी जरा जपूनच करावी. साहेबांचा तो 'अतिशय आनंद' आजवर लिहिलाय तो कचेरीतल्या सगळ्यात नव्या पोरानेच. फरक एवढाच की साहेब तो वाचून 'ठीक' म्हणायचे.)

साचा मोडतो तिथे काय होतं ते एका कल्पित उदाहरणावर बघू. एका कारखान्यात रात्री वायुगळती झाली, सहा कामगार रुग्णालयात आहेत. एवढंच यंत्राला सांगितलं आणि निवेदन मागितलं, तर साधारण असं काहीतरी मिळतं:

'काल रात्री आमच्या प्रकल्पात वायुगळतीची दुर्दैवी घटना घडली. घटना लक्षात येताच आमच्या प्रशिक्षित पथकाने तातडीने परिस्थिती नियंत्रणात आणली. बाधित कामगारांना सर्वोत्तम वैद्यकीय उपचार दिले जात असून सर्वांची प्रकृती स्थिर आहे. आम्ही प्रशासनाला संपूर्ण सहकार्य करत आहोत. कामगारांची सुरक्षितता हे आमचे सर्वोच्च प्राधान्य आहे.'

वाचायला गुळगुळीत आहे. आता एकेक वाक्य धरा. प्रशिक्षित पथक होतं, हे यंत्राला कोणी सांगितलं? कोणीच नाही. अशा निवेदनांत पथक असतं, म्हणून इथेही आलं. 'तातडीने' म्हणजे किती मिनिटांत? उद्या चौकशीत धोक्याच्या घंटेची नोंद निघेल आणि हा शब्द तिच्या शेजारी ठेवून वाचला जाईल. 'सर्वांची प्रकृती स्थिर' हे तर सगळ्यात घातक. पहाटे एखादा कामगार दगावला, तर हेच वाक्य दुसऱ्या दिवशी कंपनीच्या विरोधातला मथळा होईल. आणि प्रशासनाला खरोखर कळवलंय का? माहीत नाही. तीन तुकड्यांच्या माहितीवर यंत्राने चार विधानं पदरची घातली, आणि त्यातलं प्रत्येक विधान कायद्याच्या भाषेत कंपनीचं म्हणणं ठरतं.

मुरलेला माणूस लिहायला बसण्याआधी फोन फिरवतो. पाळीवरच्या इंजिनिअरला: गळती थांबली का, किती वाजता? रुग्णालयात: कोण कसं आहे? मनुष्यबळ विभागाला: घरच्यांना कळवलं का? (घरच्यांना बातमी टीव्हीवरून कळली, तर पुढची सगळी निवेदनं वाया गेली.) सुरक्षा अधिकाऱ्याला: सरकारी यंत्रणेला कळवल्याची नोंद आहे का? मग जे लिहिलं जातं ते आखूड असतं:

'काल रात्री पावणेदोनच्या सुमारास आमच्या कारखान्यातल्या एका टाकीतून वायुगळती झाली. ती पहाटे चार वाजता बंद झाली. सहा कामगार रुग्णालयात आहेत. त्यांच्या कुटुंबीयांशी आमचं बोलणं झालं आहे. गळतीचं कारण अजून समजलेलं नाही. पुढची माहिती सकाळी दहा वाजता देऊ.'

'कारण अजून समजलेलं नाही' असं वाक्य यंत्र आपणहून क्वचितच लिहितं. रिकामी जागा दिसली की ती भरण्याकडे त्याचा कल. आणि सकाळी दहाचा शब्द पाळायला सकाळी दहाला कोणीतरी हजर लागतं.

इथे यंत्राची बाजूही मांडली पाहिजे. त्यालाच 'मी दिलंय त्यापलीकडे एकही विधान घालू नकोस' असं बजावलं तर ते बरंच सुधारतं. 'या घटनेवर बातमीदार कोणते प्रश्न विचारतील?' असं विचारलं तर दहा-पंधरा प्रश्नांची यादी देतं, आणि त्यातले दोन-तीन हमखास असे असतात जे रात्री तीन वाजता झोपमोड झालेल्या माणसाला सुचले नसते. माझ्या मते पीआरमध्ये या साधनाचा सगळ्यात चांगला उपयोग हाच: आपला मजकूर त्याला देऊन त्यातल्या फटी विचारायच्या. बहुतेक लोक मात्र त्याच्याकडून मजकूर घेतात आणि फटी स्वतः शोधत नाहीत.

आधीच यंत्राकडे गेलेली कामं

हे सगळं २०२२ नंतरच सुरू झालं असंही नाही. असोसिएटेड प्रेसने २०१४ पासून कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या सॉफ्टवेअरकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. आधी दर तिमाहीला जेमतेम ३०० बातम्या व्हायच्या, त्या दहापट झाल्या. ते सॉफ्टवेअर आजच्यासारखं भाषा-मॉडेल नव्हतं, ठरीव साच्यात आकडे भरणारं होतं. तरी दिशा दिसत होती. २०१८ मध्ये ब्रिटनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक रिलेशन्सने एक अहवाल काढला. पीआरवाल्याला लागणारी ५२ कौशल्यं धरून त्यांनी हिशोब मांडला की त्यातल्या १२ टक्के कौशल्यांना तेव्हाच यंत्राची जोड मिळत होती किंवा त्यांची जागा यंत्र घेत होतं, आणि पाच वर्षांत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर जाईल. अहवालाचं नाव मात्र 'माणसं अजून लागतातच' अशा अर्थाचं ठेवलं होतं. सभासदांना धीर द्यायचा असावा.

कात्रणांचं काम हे यातलं ठळक उदाहरण. पूर्वी एजन्सीतली नवी पोरं भल्या पहाटे येऊन वर्तमानपत्रं चाळायची, क्लायंटचं नाव दिसलं की कापायची, चिकटवायची, नऊच्या आत फाइल पोचवायची. मग शोधशब्दांवर चालणारी सॉफ्टवेअरं आली. आता अनेक भाषांतल्या शेकडो बातम्यांचा गोषवारा काही मिनिटांत मिळतो. हे काम परत माणसाकडे येणार नाही, आणि त्याबद्दल कोणी अश्रू ढाळेल असंही वाटत नाही.

बातमीचा सूर अनुकूल की प्रतिकूल हे सांगणारं यंत्र मात्र अजून सांभाळूनच वापरावं. 'वा, काय सेवा आहे! तीन तास फोनवर गाणी ऐकवली' याला जुनी सॉफ्टवेअरं बिनदिक्कत स्तुतीत जमा करायची. नवी मॉडेलं एवढा टोमणा ओळखतात, पण एखाद्या गटाच्या आतली थट्टा, बोलीतला तिरकसपणा निसटतो. आणि या धंद्याची आकड्यांची हौस जुनीच आहे. बातमीने व्यापलेल्या जागेचा जाहिरातीच्या दराने भाव काढून 'एवढ्या लाखांची प्रसिद्धी' दाखवायची खोड मोडावी, म्हणून २०१० मध्ये बार्सिलोनात मोजमापाची तत्त्वं ठरली. त्यात साफ म्हटलंय की जाहिरातीचा दर म्हणजे जनसंपर्काची किंमत नव्हे. खोड पुरती गेलेली नाही. आता यंत्र तेच आकडे रंगीत आलेखात देतं, एवढंच.

शब्द बरोबर असूनही

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार झाला, तीन विद्यार्थी मेले. दुसऱ्याच एका विद्यापीठातल्या, व्हँडरबिल्टच्या पीबॉडी कॉलेजमधल्या एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारं ईमेल पाठवलं. एकमेकांना जपू या, सर्वांना सामावून घेणारा समाज घडवू या, असा मजकूर. खाली बारीक अक्षरांत नोंद होती की हा मजकूर चॅटजीपीटीच्या आधारे लिहिला आहे. विद्यार्थी खवळले. दुसऱ्या दिवशी माफी आली, आणि चौकशी होईपर्यंत दोन अधिकारी त्या जबाबदारीतून बाजूला झाले.

यातली गंमत म्हणा किंवा दुखणं म्हणा, ते असं की ईमेल तसं वाईट नव्हतं. यंत्र नव्हतं तेव्हाही अशी पत्रं जुन्या पत्रावरून उतरवलेलीच असायची. पण शोकाच्या पत्रात वाचणारा शब्दांच्या पलीकडचं काहीतरी शोधत असतो: कोणीतरी आपल्यासाठी पंधरा मिनिटं बसलं. तळटीपेने सांगितलं की कोणी बसलं नव्हतं.

या प्रकरणातून धंद्यातल्या पुष्कळांनी घेतलेला धडा म्हणजे 'तळटीप टाकू नका'. मला तो धडा पटत नाही. त्यांनी प्रामाणिकपणा केला म्हणून ते सापडले हे खरं. पण लपवलेलं नंतर बाहेर आलं असतं तर माफीनेही निभावलं नसतं. चूक लिहायला कोणतं साधन घेतलं याची नव्हती, ते कोणत्या कामाला घेतलं याची होती. उत्पादनाच्या माहितीपत्रकाचा कच्चा मसुदा यंत्राने लिहिला तर कोणाचंच काही बिघडत नाही. शोक, माफी आणि नोकरकपातीची पत्रं ही वेगळी जात आहे.

दुसरं प्रकरण एअर कॅनडाचं. घरात मृत्यू झाल्यामुळे घाईने प्रवास करणाऱ्या एका ग्राहकाला कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने सांगितलं की सवलतीसाठी प्रवासानंतरही अर्ज करता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणात गेलं. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, अशा धर्तीचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला: पान असो की चॅटबॉट, तुमच्या संकेतस्थळावरच्या माहितीला तुम्हीच जबाबदार. भरपाई आणि खर्च धरून रक्कम सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर. त्या कंपनीला ही रक्कम म्हणजे किरकोळ. पण बातमी जगभर झाली, आणि तिची किंमत कुठल्या खात्यात लिहायची ते कोणाला सांगता येणार नाही.

खुद्द एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, बनवणारेही यातून सुटलेले नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने आपल्या बार्ड या चॅटबॉटच्या जाहिरातीत बार्डचंच एक उत्तर दाखवलं: सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचं पहिलं छायाचित्र जेम्स वेब दुर्बिणीने घेतलं. चूक. असं छायाचित्र २००४ मध्येच दुसऱ्या दुर्बिणीने घेतलेलं होतं. जाहिरात किती डोळ्यांखालून गेली असेल, तरी एकानेही तपासलं नाही. त्या दिवशी गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिचं बाजारमूल्य सुमारे १०० अब्ज डॉलरने घसरलं.

गोपनीयतेचंही एक सांगून टाकतो, कारण पीआरच्या कचेरीत ते फारसं कोणी बोलत नाही. निकाल जाहीर होण्याआधीचे आकडे, विलीनीकरणाची बोलणी, कोणाला काढणार याची यादी, हे सगळं प्रेसनोटेच्या मसुद्यात आधीच आलेलं असतं. ते फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवणं म्हणजे बाहेरच्या माणसाच्या हातात देणं. सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत मजकूर चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं, तेव्हा २०२३ मध्ये कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली होती. बंदी हा काही टिकाऊ उपाय नव्हे. कोणतं साधन, कोणत्या करारावर आणि त्यात कोणती माहिती कधीच टाकायची नाही, हे लिहून ठेवणं भाग आहे.

दोन्हीकडे यंत्रं

बातमीदाराच्या इनबॉक्सची दशा पूर्वीही काही बरी नव्हती. पण पूर्वी शंभर बातमीदारांना वेगवेगळं पत्र लिहायला श्रम पडायचे, त्यामुळे आपोआप चाळणी लागायची. आता प्रत्येकाच्या मागच्या तीन बातम्यांचा उल्लेख करणारं, नावानिशी, लाघवी पत्र हजार जणांना एका दुपारी जातं. परिणाम उलटा झाला. पत्र जितकं 'खास तुमच्यासाठी' तितका संशय जास्त. त्यातच 'तज्ज्ञांची मतं' म्हणून पाठवलेला यंत्राचा मजकूर, कधी तर अस्तित्वातच नसलेल्या तज्ज्ञांच्या नावाने, वर्तमानपत्रांत घुसू लागला. मग संपादक काय करतात? ज्याने आजवर दगा दिला नाही, अशा ओळखीच्या माणसाचंच पत्र उघडतात. यंत्रामुळे लिहिणं स्वस्त झालं आणि ओळख महाग झाली.

वाचणाराही बदलला आहे, आणि मला वाटतं या धंद्यातला पुढच्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच असेल. गूगलने मे २०२४ पासून अमेरिकेत शोधनिकालांच्या डोक्यावर एआयने लिहिलेली उत्तरं द्यायला सुरुवात केली, मग इतर देशांत. 'अमुक कंपनी विश्वासू आहे का?' असं लोक आता थेट चॅटबॉटला विचारतात आणि पहिल्या परिच्छेदावर थांबतात. तो परिच्छेद कोणी लिहिला? कोणीच नाही. जुन्या बातम्या, विकिपीडिया, ग्राहकांच्या तक्रारी, कंपनीची पानं, सगळ्यांचा मिळून काढलेला तो काढा आहे. दहा वर्षांपूर्वीचा दोष, जो नंतर दुरुस्त झाला, तो त्यात आजचा म्हणून येऊ शकतो. नावासारखं नाव असलेल्या दुसऱ्या कंपनीचा खटला तुमच्या गळ्यात पडू शकतो.

वर्तमानपत्रात चूक आली तर डेस्कला फोन करता येतो, खुलासा पाठवता येतो, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून येते. मॉडेलला डेस्क नाही. चुकीचं उत्तर कळवायचं बटण असतं, पण पलीकडे 'बघतो' म्हणणारं कोणी नसतं. त्यामुळे दुरुस्ती उगमाशी करावी लागते. मूळ बातमी चुकीची असेल तर तिथे खुलासा मागायचा. स्वतःच्या संकेतस्थळावर तारखांसह साधी, सरळ माहिती ठेवायची. 'नावीन्याच्या ध्यासाने प्रेरित अग्रगण्य संस्था' या वाक्यातून माणसालाही काही कळत नाही आणि यंत्रालाही. विकिपीडियावर गुपचूप हात मारायचा नाही. पैसे घेऊन संपादन करत असाल तर ते जाहीर करणं विकिमीडियाच्या अटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे. लेखाच्या चर्चापानावर पुराव्यासह दुरुस्तीची मागणी करता येते, तेवढी करावी.

या गरजेचा बाजारही लगेच उभा राहिला. 'एआयच्या उत्तरांत तुमचं नाव आणून देतो' म्हणणाऱ्या एजन्सी निघाल्या आहेत. थोडंफार करता येतं, हे खरं. पण एकच प्रश्न दोनदा विचारला तर ही यंत्रं दोन तऱ्हेची उत्तरं देतात. तिथे कोणी हमी देत असेल तर त्याला बिल देण्याआधी दहा वेळा तोच प्रश्न त्याच्यासमोर विचारून बघावा.

खोट्याचा बंदोबस्त

बनावट प्रेसनोट ही काही एआयची देणगी नाही. २५ ऑगस्ट २००० रोजी एम्युलेक्स या अमेरिकी कंपनीच्या नावाने एक खोटी प्रेसनोट इंटरनेट वायर या प्रेसनोटा पोचवणाऱ्या सेवेवरून गेली: मुख्याधिकारी पायउतार, हिशोबात फेरफार. तासाभरात शेअर सुमारे ६० टक्क्यांनी कोसळला, दोन अब्ज डॉलरहून जास्त मूल्य हवेत गेलं. करणारा त्याच सेवेतला माजी कर्मचारी होता. पीआर एजन्सीचा माणूस असल्याचं भासवायला कोणती भाषा लागते, हे त्याला ठाऊक होतं. आठवड्याभरात तो पकडला गेला. आज ती भाषा यंत्र कोणालाही शिकवतं, शिवाय साहेबांचा आवाज आणि चेहराही देतं. २०२४ च्या सुरुवातीला अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतले ते 'वरिष्ठ' बनावट होते.

२२ मे २०२३ रोजी पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचं एआयने बनवलेलं चित्र पसरलं आणि अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटं गडबडला. ते आवरलं कोणी? स्थानिक अग्निशमन दलाच्या समाजमाध्यमावरच्या खात्यावरून लिहिलं गेलं की असा कोणताही स्फोट झालेला नाही. प्रकरण निवलं. त्या खात्यावर लोकांचा आधीपासून विश्वास होता म्हणून दोन ओळी पुरल्या. ज्या संस्थेचं अधिकृत खातं कोणतं हेच लोकांना माहीत नाही, तिचा खुलासाही बनावट समजला जाईल.

याची दुसरी बाजू जास्त किळसवाणी आहे. सगळंच बनावट असू शकतं म्हटल्यावर खरी ध्वनिफीत बाहेर आली तरी 'ही एआयने बनवलेली आहे' असं म्हणून हात झटकता येतात. बॉबी चेस्नी आणि डॅनियल सिट्रॉन या कायद्याच्या अभ्यासकांनी या फायद्याला खोटारड्याला मिळणारा लाभांश म्हटलंय. पीआरवाल्याला कधी ना कधी क्लायंट हे म्हणायला सांगेल. तेव्हा 'नाही' म्हणणं, किंवा निदान 'आधी खरं सांगा' म्हणणं, हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरच्या यादीत नाही. छायाचित्र कुठून आलं, त्यात काय बदललं याची नोंद सोबत ठेवणारं सीटूपीए नावाचं मानक २०२१ पासून घडतंय. अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी त्यात आहेत. उपयोगी आहे, पण स्क्रीनशॉट काढला की ती नोंद गळून पडते.

कायद्यानेही माणसाच्या जबाबदारीवरच बोट ठेवलंय. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात तरतूद आहे की सार्वजनिक हिताच्या विषयावर लोकांना माहिती द्यायला एआयने लिहिलेला मजकूर प्रसिद्ध केला तर तसं सांगावं लागेल. सूट कोणाला? ज्या मजकुरावरून माणसाची नजर फिरली आहे आणि ज्याची संपादकीय जबाबदारी कोणी व्यक्ती किंवा संस्था घेते, त्याला.

पोरांचं काय

आता नोकऱ्यांचं. एजन्सी बहुतेकदा तासांवर किंवा महिन्याच्या ठरीव रकमेवर पैसे घेतात, आणि ती रक्कमही मनातल्या मनात तासांवरच बेतलेली असते. सहा तासांचं काम चाळीस मिनिटांत होऊ लागलं की क्लायंट विचारणारच, 'मग बिल तेवढंच का?' यावर 'आम्ही वाचलेला वेळ विचार करायला वापरतो' हे उत्तर फार दिवस चालणार नाही. ज्यांनी आजवर कागदांच्या संख्येवर बिलं लावली त्यांना फटका बसेल, आणि बसायला हवा. ज्यांना संकटात बैठकीच्या खोलीत बोलावलं जातं त्यांचा भाव चढेल.

१९८२ मध्ये अमेरिकेत शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरलं, सात जण मेले. ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या वर गेला. पुढे छेडछाड लगेच कळेल अशा वेष्टनात औषध पुन्हा आणलं. जनसंपर्काच्या प्रत्येक वर्गात हे शिकवतात, पण यात लेखन कुठे आहे? निर्णय माल उचलण्याचा होता. तोवरचा शिरस्ता वाचून पुढचा शब्द जुळवणाऱ्या यंत्राने शिरस्त्यातलंच काहीतरी सुचवलं असतं, असा माझा अंदाज.

पण त्या खोलीत बसणारा माणूस तयार कसा होतो? कात्रणं कापून, नावांच्या याद्या दुरुस्त करून, साहेबांचा 'अतिशय आनंद' लिहून, आणि संपादकाच्या शिव्या खाऊन. पहाटेची वर्तमानपत्रं चाळताना त्या पोराला नकळत कळायचं की कोणता बातमीदार कशाच्या मागे आहे, कोणती बातमी आतल्या पानावर का गेली. ते कंटाळवाणं काम यंत्राने नेलं; त्याबरोबर शिकण्याची पायरीही गेली. वरिष्ठांना आज याची झळ नाही, कारण ते जुन्या पायऱ्यांनी चढून आलेत. दहा वर्षांनी त्यांच्या जागी कोण बसणार, याचा हिशोब फारशा एजन्सी करताना दिसत नाहीत.

करायचं ठरवलं तर करता येण्यासारखं आहे. यंत्राचा मसुदा नव्या माणसाच्या हाती द्यावा आणि प्रत्येक विधानासमोर समासात लिहायला लावावं: हे कोणी सांगितलं, किती वाजता, पुरावा काय. जिथे काही लिहिता येत नाही ते विधान कापायचं. यात यंत्राने वाचवलेला बराच वेळ परत जातो, त्यामुळे बिलावरून कटकट होणार. क्लायंटशी करार करतानाच 'पडताळणी' ही वेगळी बाब म्हणून लावावी आणि तिचे पैसे उघडपणे मागावेत. जो क्लायंट ते द्यायला तयार नाही, त्याच्या गळतीच्या रात्री आपला नंबर खाली छापायचा की नाही, हे एजन्सीने तेव्हाच ठरवून ठेवावं.